टिचबटणांचा जनुकपट्टा

बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. बोलायच्या इतक्या, की मुलांनी नाव पाडलं होतं ‘रेडिओबाई’. ते त्यांना ठाऊक होतं, आवडायचंही. पण एका धड्यापुढे रेडिओनेही हात टेकले होते: एका जिवातलं जनुक काढून दुसऱ्यात बसवतात कसं? फळ्यावर आकृत्या काढून काढून खडू संपले, पण मुलांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना.

घरी मोठ्या जाऊबाई शिवणकाम करायच्या. एका संध्याकाळी त्या झबल्याला टिचबटणं लावत होत्या. शेजारी बसलेल्या बाई एकदम ओरडल्या, “वहिनी, मला एक पट्टा शिवून द्या! बांगडीसारखा गोल, बटणांवर सुटणारा आणि बटणांवरच जुळणारा.”

“कुणाच्या कमरेला?”

“जिवाणूच्या!”

जाऊबाईंनी सुई खाली ठेवली. “अगं, मग माप कोण देणार?”

माप बाईंनीच दिलं. पांढरा पट्टा म्हणजे जिवाणूच्या पोटातली जनुकांची कडी. मधे जोडायची हिरवी पट्टी म्हणजे चमकणारं जनुक. पट्टी उलटी धरली की बटणं जुळायचीच नाहीत. वर्गात नुसता टिकटिक आवाज, भांडाभांडी आणि हशा. धडा मात्र पोरांच्या बोटांतून डोक्यात शिरला.

आता खरा प्रयोग करायचा होता.

“जंतू? माझ्या शाळेत?” मुख्याध्यापिका उखडल्या.

“निरुपद्रवी आहेत, मॅडम. हे बघा,” म्हणत बाईंनी पट्टा त्यांच्या हातात दिला. मॅडम उघडझाप करत बसल्या. घंटा झाली तरी पट्टा सोडेनात. परवानगी मिळाली.

प्रयोगाचा संच आला. जिवाणू आणि खऱ्या कड्या एकत्र घातलेल्या नळ्या बर्फातून काढून क्षणभर गरम पाण्यात धरायच्या, म्हणजे कड्या आत शिरतात. नळ्या पाण्यात गेल्या आणि बाई ऊब काय करते ते समजावू लागल्या. समजावतच राहिल्या.

मग ते जिवाणू वाढायला काचेच्या तबकड्यांवर पसरले. दुसऱ्या दिवशी तबकड्या कोऱ्या करकरीत. बाईंचा चेहरा पडला.

“बाई,” मागच्या बाकावरची मुलगी चाचरत म्हणाली, “तुम्ही बोलत होतात ना, तेवढ्यात ते शिजले.”

बाई हसत सुटल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “खरंय गं! आता घड्याळ तुझ्या हातात. तू म्हणशील तेव्हा नळ्या बाहेर.”

पुन्हा नळ्या पाण्यात गेल्या तेव्हा बाईंनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. मुलगी “काढा!” म्हणाली आणि नळ्या बर्फात गेल्या.

दुसऱ्या दिवशी पडदे ओढले, निळा दिवा लावला. तबकडीवर हिरवे ठिपके लखलखले. वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. मॅडम धावत आल्या त्या रागवायला, आणि पोरांत घुसून स्वतःच वाकून बघत राहिल्या.

हळूहळू दुसऱ्या शाळांतूनही पट्ट्यांना मागणी आली. आता सुट्टीच्या दिवशी दोघी जावा पिशवी भरून निघतात. बाई बोलतात, आणि शिक्षकांच्या टेबलांमधून फिरताना जाऊबाई दटावतात, “अहो सर, जनुक उलटं धरलंय तुम्ही!”