आरामात फिरवलेली मठ्ठ्याची बादली

माझा साडू प्रकाश याने मला फसवलं. तेही एका शब्दात.

वैशाली नगरात सासऱ्यांकडे जेवण होतं. अंगणातच खुर्च्या मांडलेल्या, मागे त्यांची जुनी स्कूटर उभी. ती कोणत्या जावयाला द्यायची, हे त्या दिवशी ठरणार होतं. मी मोठा जावई. जुन्या कूलर-पंख्यांचं दुकान शून्यातून उभं केलेला माणूस. मठ्ठ्याची बादलीसुद्धा मीच जुनवानीहून ऑटोत मांडीवर धरून आणलेली. आणि प्रकाश? नेहरू नगरात कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो!

तर या प्रकाशने माझीच बादली उचलली आणि समोरून वर, डोक्यावरून मागे अशी गरगर फिरवली. एक थेंब सांडला नाही! सासरे टाळ्या वाजवायला लागले. (मी ती आणली तेव्हा "तिकडं ठेवा" एवढंच म्हणाले होते.)

"वा! स्कूटर प्रकाशचीच!"

"थांबा मामाजी!" मी ताडकन उठलो. "मी पण फिरवून दाखवतो, मग ठरवा. कसं फिरवायचं रे?"

"आरामात फिरवा, भाऊ," प्रकाश म्हणाला.

बायको ओरडली, "अवो, नका करू! नवा शर्ट आहे!"

"तू चूप बस!"

मी आरामात फिरवली. म्हणजे हळूहळू. बादली डोक्यावर उलटी झाली आणि सगळा मठ्ठा माझ्या अंगावर! दचकून हात सुटला. बादली मागे उडाली ती थेट स्कूटरच्या दिव्यावर. खळ्ळ!

"अबे, आरामात म्हणाला होता ना तू?"

"म्हणजे घाबरू नका, असं म्हणून राहिलो होतो मी! वेग पाहिजे, भाऊ. जोरात फिरवलं तर बादलीचं बूड मठ्ठ्याले वळवत राहते, त्याले खाली पडायले सवडच भेटत नाही."

"अन् बादली मागं कावून गेली?"

"सुटली की गोल नाही जात. त्या क्षणाले जिकडं चालली, तिकडंच सरळ. डोक्यावर असते तेव्हा ती मागंच चालली असते."

सासऱ्यांनी निकाल दिला, "जावईबापू, ही फुटकी स्कूटर आता तुम्हीच न्या. प्रकाशले मी नवी घेऊन देतो."

नवी!

कानातली कोथिंबीर काढता काढता मला आठवलं. प्रकाशची खुर्ची आधी माझ्या मागे, स्कूटरजवळच होती. मी बादली उचलली तसा हा पठ्ठ्या खुर्ची घेऊन पुढे येऊन बसला. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं! मग बोलला का नाही? याचा जाब त्याने चारचौघांत द्यावा. तो "भाऊ, नका करू" म्हणाला असता तर मी ऐकलं असतं का, हे मात्र मला कुणी विचारू नये.