तीन गळत्या राखणारा बुढा

आमच्या गावात ज्याला सगळे गळक्या बुढा म्हणत, त्याचे घर पावसात तीन ठिकाणी गळत असे. चौथ्या ठिकाणी ते कधीही गळले नाही. जे लोक आज त्याच्याविषयी नाना गोष्टी सांगतात, त्यांनी आधी या एका वाक्याचा नीट विचार करावा. दुर्लक्षामुळे गळणारे घर दर वर्षी नव्या जागी गळते. याचे घर मी पाहत आलो तेव्हापासून त्याच तीन जागी गळत आले: एक छपरीच्या, म्हणजे पडवीच्या, दाराशी, एक मधल्या खांबाजवळ आणि एक जात्याच्या कोपऱ्यात. मी या गावचा पोलीस पाटील होतो. पंचनाम्यात जागा चुकवण्याची मला सवय नाही.

आमच्याकडे पाऊस म्हणजे कामाचा दिवस. बोदलकसा तलावाच्या बाजूने आभाळ भरून आले की बायामाणसे प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन धानाच्या रोवणीला पाण्याने भरलेल्या बांधीत उतरतात आणि दीड-दोन वर्षांची लेकरे मागे राहतात. त्यांना शेताच्या धुऱ्यावर भिजत ठेवता येत नाही आणि घरात एकटे सोडता येत नाही, कारण गावाला लागूनच बोडी आहे आणि हे लहान तळे आषाढात काठोकाठ भरते. अशा दिवशी तीन-चार घरची लेकरे बुढ्याच्या छपरीत असत. त्याचा डावा पाय हत्तीरोगाने खांबासारखा झाला होता. चिखलात तो उभा राहू शकत नव्हता, म्हणून गावाने त्याला लेकरे सांभाळायला ठेवले, असे लोक म्हणतात. गावाने ठेवले नाही. त्याने स्वतः मागून घेतली.

पाणी सुरू झाले की तो तीन भांडी मांडी: दाराशी पितळेचा गंज, म्हणजे उभे पातेले, खांबाजवळ तेलाचा पत्र्याचा पिपा आणि कोपऱ्यात मातीचे गाडगे. मग एकेका लेकराला एकेका भांड्यापाशी बसवून गंभीरपणे सांगे, "हा तुह्या गंज. भरू देजो नोको." ज्या लेकराला आईच्या कडेवर दोन मिनिटे दम धरवत नाही, ते वर पाहत थेंबाची वाट पाहत बसे. थेंब पडला की तळवा मारी. ओंजळभर पाणी साचले की भांडे दोन्ही हातांनी ओढत ओट्याच्या कडेला नेई, अंगणात ओती आणि पुन्हा जागेवर आणून ठेवी. जागा चुकली की थेंब जमिनीवर पडे आणि भांडे सरकवण्यात आणखी वेळ जाई. निम्मे पाणी लेकराच्या अंगावर सांडे. बुढा म्हणे, "सांडू दे, बाप्पा. सांडाचंच आहे."

पिप्याचा आवाज सर्वांत मोठा, म्हणून पिप्यासाठी भांडणे होत. एकदा एक पोरगा पिपा कवटाळून बसला आणि सोडीना. बुढा त्याला म्हणाला, "काल तू पिप्यावर होता. आज तुही बदली झाली. गाडग्यावर जाय." तो पोरगा रडत रडत गाडग्यावर हजर झाला. माझ्या उभ्या नोकरीत बदलीचा हुकूम इतक्या लवकर अमलात आलेला मी पाहिला नाही.

माझी नात आरू दोन वर्षांची असताना मी तिच्यासाठी गोंदियाहून बॅटरीची मोटार आणली होती. ती दिवे लावी, हिंदी गाणे म्हणे, भिंतीला धडकली की आपोआप वळे. पावसाच्या दिवशी मी आरूबरोबर ती मोटारही बुढ्याकडे पाठवली आणि कौतुक ऐकायला मागोमाग स्वतः गेलो. बुढ्याने ती बराच वेळ पाहिली. "पाटील, हे गाडी आपली आपणच खेळून राहिली जी. पोरीले का काम उरलं?" तोवर आरू गंजापाशी गेली होती. बुढा पुढे म्हणाला, "लेकराले खेळणं देऊ नोको. काम देजो." मी मोटार उचलून घरी आणली. मला ते बोलणे आवडले नाही.

तो गेल्या हिवाळ्यात वारला. त्याच्या तेरवीच्या पंगतीत मी त्याच्याविषयीच्या तीन हकिकती ऐकल्या. पहिली गावातल्या किराणा दुकानदाराची. त्याच्या मते बुढा आळशी होता. पाय दुखतो म्हणून कवेलू फेरायचा, म्हणजे कौले चाळायचा, कंटाळा करी. मी तिथेच त्याला विचारले, "दर वैशाखात त्याच्या घराचे कवेलू कोण फेरत होते? बांबूने खालून एकेक सरळ करताना तू त्याला पाहिले नाहीस काय?" दुकानदार म्हणाला, "पाहिलं जी." "मग तीन तेवढेच वाकडे कसे राहात?" त्याने भाताकडे लक्ष वळवले.

दुसरी हकिकत शाळेच्या निवृत्त गुरुजींची. गरिबीमुळे बिचाऱ्याला छप्पर नीट करता आले नाही, असे ते म्हणाले. मी म्हणालो, "गुरुजी, त्याच्या धान साठवायच्या ढोलीवर आयुष्यात एक थेंब पडला नाही. ज्याला धान कोरडे ठेवता येते त्याला छपरी कोरडी ठेवता येत नाही काय? तुमची दया तुमच्यापाशी ठेवा." गुरुजी माझ्यावर नाराज झाले. अजून आहेत.

तिसरी हकिकत कोणी एकाने नव्हे, सगळ्या पंगतीने सांगितली: चार वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवशी बुढा झोपला आणि पाटलाची नात बोडीपर्यंत गेली. त्या वेळी मी काही बोललो नाही. दोन हकिकती खोडून काढणारा माणूस तिसरीला गप्प का राहिला, हे कोणी विचारलेही नाही. ते आता लिहितो.

पाटलाची नात गळक्या छपराखाली बसते, हे मला खुपत होते. त्या वर्षी बुढा दोन दिवस देवरीला बहिणीकडे गेला असताना मी दोन माणसे लावून त्याचे छप्पर फेरून घेतले. तिन्ही गळत्या बंद केल्या. मी स्वतः खाली उभा होतो. परत आल्यावर त्याने वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "पाटील, इचारलं असतं त बरं झालं असतं." मला तो कृतघ्नपणा वाटला. मी म्हणालो, "आता एकही कवेलू हलवलेस तर माझ्याशी गाठ आहे."

"पण लेकरायचं कसं जी?"

"परातभर पाणी ठेव. पाणी ते पाणी."

"ठेवलेला पाणी मेलेला राह्यते. घडीभरात कटाळा येते. वरून पडते तो दर खेपी नवा." मी ऐकून घेतले नाही. तो आणखी म्हणाला, "पाणी जिकडं, लेकरू तिकडं. घरात पाणी असला त ते बाहेर कायले जाईन? माह्या पाय असा. लेकरू पयालं त मी धरू शकत नाही." माझा शब्द मोडण्याची त्या काळी गावात कोणाची रीत नव्हती. त्यानेही मोडला नाही.

चौथ्या दिवशी मुसळधार पाऊस लागला. मी दुपारी बांधीवरून परत येत होतो, म्हणून पुढचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बुढा पावसात उघड्या डोक्याने, तो पाय ओढत, बोडीच्या वाटेने धावत होता. त्याला धावता येते हे मला ठाऊक नव्हते. तो दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर उठला नाही, तसाच हातांवर सरकत पुढे गेला. आरू बोडीच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसली होती आणि जिथे थेंब पडेल तिथे तळवा मारीत होती, जसे त्याने शिकवले होते तसे. मी पोहोचण्याआधी त्याने तिचे झबले मुठीत धरले. झोपलेला माणूस तिथवर पोहोचत नाही.

बाया बांधीतून धावत आल्या. माझ्या सुनेने, आरूच्या आईने, तिला उचलून छातीशी धरले. दुकानदार म्हणाला, "बुढा झोपला असन, दुसरं का?" सर्वांनी माझ्याकडे पाहिले. बुढ्यानेही पाहिले. मी छपराकडे पाहिले आणि काही बोललो नाही. बुढाही बोलला नाही. पडून झालेली त्याच्या पायाची जखम पंधरा दिवस वाहत राहिली आणि त्या पंधरा दिवसांत कोणीही आपले लेकरू त्याच्याकडे पाठवले नाही.

तो बसता झाल्यावर पाऊस पाहून मी आरूला खांद्यावर घेऊन त्याच्याकडे गेलो. सुनेला सांगितले नाही. त्याच्याच बांबूने मी छपरीतले कवेलू ढकलू लागलो. तो खाली बसून सांगत होता, "थोडा डावीकडं जी. गंज तिथं बसते." तिन्ही गळत्या सुरू झाल्या. मी म्हणालो, "माझी चूक झाली." तो म्हणाला, "ते मले काऊन सांगता, पाटील? मले मालूम आहे." त्या बोलण्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. आधी आरू आणि मग इतर लेकरे हळूहळू परतली, परंतु झोपल्याची गोष्ट गावात राहिली, आणि ती मी राहू दिली.

आता त्याच्या पुतण्याने घरावर टिनाचे पत्रे टाकले आहेत. पितळेचा गंज मी मागून आणला. आरूच्या पाठचा भाऊ दीड वर्षाचा आहे. या वैशाखात आमच्या छपरीचे कवेलू फेरायला माणूस आला, तेव्हा मी त्याला तीन जागा दाखवल्या आणि त्या तशाच सोडायला सांगितल्या. तो म्हणाला, "काऊन जी, पाटील? खाली पाणी येईन ना." सून दारात उभी होती. तिच्यासमोर मी त्याला सगळे सांगितले, छप्पर कोणी फेरून घेतले येथपासून कोण गप्प राहिले येथपर्यंत. दुपारपर्यंत ते गावभर झाले. व्हावे म्हणूनच सांगितले होते.

सून दोन महिने माझ्याशी कामापुरते बोलली. तिचा हक्क होता. परवा रोवणीला निघताना पाऊस जोरात होता. तिने खोळ घेतली, लेकराला छपरीत आणून बसवले, वर एकदा पाहिले आणि गंज पायाने थोडा डावीकडे सरकवला.

"मामाजी," ती म्हणाली, "भरू देजा नोको."