खंदारे सरांचं अर्धं मिनिट

"कांबळे मॅडम, कोन हाय एवढं अर्जंट? इथं पार्किंगचा विषय चाललाय."

सोसायटीची वार्षिक सभा होती. सीवूड्समधल्या आमच्या बिल्डिंगखालचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि माईक हातात धरून चेअरमन म्हात्रे. माझा फोन पुन्हा पुन्हा ओरडत होता. या अलर्टचा आवाज मी मुद्दाम कर्कश ठेवला आहे. तो वाजला की विचार न करता उठता आलं पाहिजे.

"ड्युटी आहे," म्हणत मी उठले.

"रविवारची?"

"तिकडे रविवार नसतो."

"तिकडे म्हंजे कुठे?"

मी दारापर्यंत पोचले होते. मागून कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, डॉक्टर आहेत त्या. पेशंट असेल." मी डॉक्टर आहे, पण पीएचडीची. इतकी वर्षं त्या बिल्डिंगमध्ये राहून हा गैरसमज मी दूर केलेला नाही. केला तर पुढचे प्रश्न येतात.

लिफ्टमध्ये अलर्ट वाचला. शॉर्ट बर्स्ट.

हे काय असतं ते थोडक्यात सांगते. अवकाशात काही उपग्रह सतत आकाशावर नजर ठेवून असतात. कुठून तरी गॅमा किरणांचा झोत आला की ते लगेच जमिनीवर मेसेज पाठवतात. यातले जे झोत दोन सेकंदांच्या आत संपतात ते शॉर्ट बर्स्ट. बहुतेक वेळा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की असा झोत निघतो. न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा. वजन सूर्याहून जास्त आणि आकार ऐरोली ते पनवेलच्या मध्ये मावेल एवढा. असे दोन आदळले की सोन्यासारखे जड धातू तयार होतात असं आम्ही मानतो. मानतो म्हणजे पुरावे आहेत, पण बोटांवर मोजण्याइतके.

फोन वाजेपर्यंत मूळ झोत संपलेला असतो. मागे राहते ती त्याची धग. आम्ही तिला आफ्टरग्लो म्हणतो. शॉर्ट बर्स्टची धग मुळात कमी आणि विझते भराभर. ती विझायच्या आत जमिनीवरची मोठी दुर्बीण तिकडे वळवायची, एवढंच आमच्या टीमचं काम. टीममधले आम्ही वेगवेगळ्या शहरांत आहोत आणि पाळीपाळीने ड्युटी करतो. त्या दिवशी पाळी माझी होती.

घरी मी एकटीच असते. त्यामुळे कोणाला "जरा थांब" म्हणावं लागत नाही. ही सोयच आहे. लॅपटॉप उघडला.

उपग्रह सुरुवातीला जागा सांगतो ती मोघम असते. "नेरूळमध्ये कुठेतरी" म्हटल्यासारखी. या वेळी मात्र उपग्रहाच्या एक्स-रे कॅमेऱ्याने ती थेट बिल्डिंगपर्यंत आणून दिली होती. आणि त्या बिल्डिंगला टेकून एक दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी होती, आपल्या हिशेबाने बरीच जवळची. जवळची टक्कर म्हणजे धग नीट दिसणार, धातूंचा माग लागणार. अशी संधी कित्येक वर्षं येत नाही.

अडचण एकच होती. ती जागा, म्हणजे आमचं फील्ड, पश्चिमेला होती. आमची दुर्बीण लडाखमध्ये आहे. तिथे अंधार पडल्यावर ती जागा थोडा वेळ दिसणार आणि मग डोंगरामागे जाणार.

मी ऑपरेटरला फोन लावला. दुर्बिणीजवळ कोणी बसत नाही. ती वर डोंगरावर एकटी असते आणि ऑपरेटर खाली केंद्रातल्या एका खोलीत. त्या दिवशी स्टान्झिन होता. आमची ओळख सहा-सात वर्षांची. भेट एकदाही नाही.

"स्टान्झिन, ओव्हरराइड भेज रही हूँ."

"आज?" तो थांबला. "मॅडम, आज खंदारे सर का टाइम है."

"किती वाजेपर्यंत" हे विचारायच्या आधी मी वेळापत्रक उघडलं आणि मला कळलं तो का थांबला ते.

मोठ्या दुर्बिणीवरचा वेळ अर्ज करून मिळतो. तुमची रात्र तुमची. पण आमच्यासारख्यांना ओव्हरराइड नावाचा अधिकार असतो. सीझनला मोजक्याच वेळा. तो वापरला की चालू काम थांबतं आणि दुर्बीण आम्हाला मिळते. ज्याचा वेळ गेला त्याला आपोआप एक मेसेज जातो: तुमचं निरीक्षण ओव्हरराइडमुळे थांबवलं आहे, तेवढे तास परत दिले जातील. कोणी थांबवलं ते त्यात नसतं. टीमचे प्रमुख नायर सर यांनीच तशी पद्धत पाडली होती. नाव कळलं की लोक गळ घालतात आणि गळ घातली की निर्णय बिघडतो, असं त्यांचं म्हणणं.

खंदारे सरांचं काम तास परत देऊन भागणारं नव्हतं. नेपच्यूनच्या पलीकडचा एक बर्फाळ गोळा त्या संध्याकाळी एका ताऱ्यासमोरून जाणार होता. जेमतेम अर्धं मिनिट तारा झाकला जाणार. किती वेळ झाकला गेला त्यावरून गोळ्याचा आकार कळतो, आणि आधी-नंतर तारा लुकलुकला तर त्याला कडं आहे का तेही. त्याची सावली पृथ्वीवरून एका अरुंद पट्ट्यात सरकते. पट्टा लडाखवरून जात होता. आणि ते अर्धं मिनिट नेमकं माझ्या वेळेच्या मधोमध होतं.

नायर सरांना फोन केला. बंद. ते विमानात होते. लागला असता तरी ते म्हणाले असते, ड्युटी तुझी आहे. नियम तोच आहे. मी ओव्हरराइड पाठवला.

थोड्याच वेळात स्टान्झिनचा फोन. "मॅडम, सर लाइन पे हैं. मैंने नाम नहीं बताया. लेकिन वो छोड़ नहीं रहे."

"जोड़ दो."

"नमस्कार मॅडम," पलीकडून आवाज आला. "मी खंदारे. नांदेडजवळ कॉलेजात शिकवतो. तुम्ही कोण ते विचारत नाही."

"कांबळे. नवी मुंबई."

"बरं झालं मराठी निघालात. मॅडम, तुमचं काम मोठं आहे, मला कळतं. माझं अर्धं मिनिट आहे हो."

"अर्धं मिनिट नाही, सर. कॅमेरा बदलायचा, दुर्बीण वळवायची, आधी-नंतरचं रेकॉर्डिंग, मग पुन्हा माझ्या जागी यायचं. किती धरू?"

ते खोटं बोलू शकले असते. "पाऊण तास तरी," ते म्हणाले.

"तोवर माझं फील्ड डोंगरामागे जातंय."

"हो. मीही तेच काढलं आत्ता." कागद सरकवल्याचा आवाज आला. मागे पोरांची कुजबुज होती. कोणीतरी त्यांना "श्शू" केलं.

"कोण आहे तिथे?"

"बीएस्सीची पोरं. प्रोजेक्टर लावलाय लॅबमध्ये. तारा गायब होताना बघायला थांबलीत. त्यासाठी म्हणून नाही सांगत मॅडम, तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं."

"हा गोळा परत कधी ताऱ्यासमोरून जाईल?"

"जाईल की. कुठल्या तरी ताऱ्यासमोरून, कुठल्या तरी समुद्रावर. आपल्या दुर्बिणीवरून, मी रिटायर व्हायच्या आत? नाही."

मी फोन म्यूट केला. खाली हॉलमधून माईकची शिट्टी ऐकू येत होती. पार्किंग अजून चालूच होतं. समोर स्क्रीनवर माझ्या जागेचा आलेख: वर चढून खाली येणारी एक रेघ आणि डोंगराची आडवी रेघ. मी तो आलेख गरजेपेक्षा जास्त वेळ बघितला. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. आणि त्या क्षणी "तुला काय वाटतं?" असं विचारायला मला कोणी नव्हतं. विचारण्याची सवयही राहिली नव्हती.

म्यूट काढला. "नाही जमणार, सर."

"बरं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.

"शेजारची छोटी दुर्बीण मोकळी आहे," मी म्हटलं. "ती लावू या का?"

"तारा फार मंद आहे हो तिच्यासाठी. चुना लावलेल्या भिंतीवर पांढरा ठिपका शोधल्यासारखं होईल."

"लावून तर बघू. स्टान्झिन?"

"लगाता हूँ, मॅडम," स्टान्झिन म्हणाला. तो सगळं ऐकत होता.

मग फोटो यायला लागले. आमचे फोटो सुंदर नसतात. करड्या पडद्यावर काळे ठिपके. नव्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो वजा करायचा. जे उरेल ते नवीन. पहिल्यात काही उरलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात दीर्घिकेच्या कडेला एक ठिपका उरला.

असा ठिपका दिसला की आमच्यातले निम्मे लोक ताबडतोब जगाला कळवून टाकतात, कारण पहिलं नाव त्यांचं लागावं. मी पुढच्या फोटोची वाट बघितली. ठिपका सरकला होता. लघुग्रह. आपल्याच सूर्यमालेतला एक धोंडा, रस्त्यात आडवा आलेला. त्या संध्याकाळी तरी त्याने यायला नको होतं.

सगळे फोटो एकावर एक रचले. तरीही काही नाही. मधे कधीतरी खंदारे सरांचं अर्धं मिनिट येऊन गेलं. मला ते घड्याळावर दिसलं. मी पुढचा फोटो उघडला.

फील्ड डोंगरामागे गेल्यावर मी सर्क्युलर लिहिलं. सर्क्युलर म्हणजे जगभरच्या टीम एकमेकींना पाठवतात ती छोटी सूचना. न दिसलेलंही कळवायचं असतं: आम्ही इतपत मंद प्रकाश टिपू शकत होतो, आणि तेवढ्यात काही दिसलं नाही. म्हणजे दुसऱ्यांनी त्याहून खोल शोधावं. चार ओळी लिहिल्या, पाठवल्या.

कुकर लावला. फोन वाजला म्हणून धावले, तर सोसायटीचा ग्रुप. मला एकमताने खजिनदार केलं होतं. "काँग्रॅट्स डॉक्टर मॅडम," आणि फुलांचे गुच्छ. त्या दिवशी माझं झालेलं अभिनंदन ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी छोट्या दुर्बिणीचा डेटा आला. तो मी उघडला नाही. माझा नव्हता. मी खंदारे सरांना फोन केला.

"बघितला," ते म्हणाले. "नुसती खरखर आहे. जिथे बुडायला पाहिजे तिथे प्रकाशाची रेघ जराशी बुडाल्यासारखी वाटते. पोरं म्हणतात, बुडाली सर. मी म्हटलं, तुम्हाला बुडालेली हवी आहे म्हणून बुडाली."

"आणि तुम्हाला?"

"मलाही हवीच आहे की. म्हणून तर माझ्यावर विश्वास नाही." ते हसले. "तुमचं काय झालं?"

"दिसलं नाही."

ते मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

"थँक यू, सर."

"पण मी तुमच्या जागी नव्हतो ना."

क्लास होता म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढची हकीकत थोडक्यात. परदेशातल्या एका फार मोठ्या दुर्बिणीला ती धग सापडली. आम्ही टिपू शकलो असतो त्याहून ती पुष्कळ मंद होती. ती जवळची दीर्घिकाही तिची नव्हती. टक्कर झाली होती तिच्या कितीतरी पलीकडे, आणि दीर्घिका नुसती आमच्या नजरेच्या रेषेत उभी होती. संध्याकाळी हाताशी जी माहिती होती त्यावरून हे कळणं शक्य नव्हतं. दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या कमिटीनेही तसंच लिहिलं: निर्णय योग्य.

त्या परदेशी टीमचा पेपर आला तेव्हा आलेखात आमचं निरीक्षणही होतं. काहीतरी दिसलं की आलेखात ठिपका काढतात. दिसलं नाही की खाली तोंड केलेला बाण काढतात: जे काय असेल ते याच्या खाली. आमचा बाण डावीकडे वर, एकटाच होता. खंदारे सरांनी काहीच छापलं नाही. त्या खरखरीवर छापण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं की ओव्हरराइडच्या मेसेजखाली ड्युटीवरच्या माणसाचं नाव आणि नंबर जावा.

"लोक फोन करतील," नायर सर म्हणाले.

"करू देत."

"रडतील."

"खंदारे रडले नाहीत. मला पाऊण तास म्हणाले, वीस मिनिटं म्हणाले नाहीत."

"आणि त्यामुळे एखाद दिवशी तू विरघळलीस तर?"

"तर मला ड्युटीवरून काढा."

आता नाव जातं. फोन येतात. कोणी भांडतं, कोणी गप्प राहतं, एकाने तर शिव्या दिल्या. या फोनमुळे मी एकही निर्णय अजून बदललेला नाही. नायर सर यावरून विचारतात की मग या सगळ्याचा उपयोग काय. विज्ञानाला काही नाही, हे मी मान्य करते. पण दुसऱ्याचं अर्धं मिनिट घ्यायचं असेल तर "नाही" हे आपल्या तोंडाने सांगावं. मेसेजने सांगू नये.