पुढचे दोन दात

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे घुम्या म्हणतात. अर्धं आयुष्य त्याने एका लॅबच्या मागच्या खोलीत दात करण्यात घालवलं. डॉक्टर माप पाठवतात, हा कवळी किंवा कॅप घडवून परत धाडतो. डॉक्टरांना त्याचा हात ठाऊक, तोंड नाही. मालकाने लॅब बंद करायचं ठरवलं, तेव्हा हा घुमेपणा अंगाशी आला. स्वतःचं काम सुरू करायचं तर डॉक्टर हवेत, आणि डॉक्टरांशी ओळख कुणाची? मालकाची.

ओळखी काढाव्या लागतात, अंगणात उगवत नाहीत, हे सांगून माझा घसा बसला. शेवटी दंतवैद्यांच्या संमेलनाला मीच त्याला ओढत नेलं. एकटा गेला असता तर दारातूनच परतला असता. तिथे तो खांबाला टेकून उभा. काय चाललंय विचारलं, तर म्हणे माणसं बघतोय. कसली माणसं? हसणाऱ्यांचे दात बघत होता.

तेवढ्यात शहरातले सगळ्यात बडे डॉक्टर समोर आले. त्यांनी काम दिलं की बाकीचे मागोमाग येणार. मी ओळख करून दिली, ते छान हसले, आणि नेमका तेव्हाच घुम्याला कंठ फुटला.

"पुढचे दोन माझे. रंग अजून टिकलाय, डॉक्टर."

माप दुसऱ्याच नावाने आलं होतं म्हणे, पण हा आपली घडण ओळखणारच. भोवतीचे सगळे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांनी ते मिटलं आणि चालते झाले.

परतताना चिडायचंही त्राण नव्हतं.

"खोटं नव्हतं ग, ताई."

"खरं तरी कुणी विचारलं होतं?"

लॅबला कुलूप लागलं. त्याने घरातच टेबल मांडलं. काही दिवसांनी त्याच डॉक्टरांचा फोन आला: त्या दोन दातांतला एक हलतोय, दुसऱ्या कुणाचा हात नको, पण कुठे बोलायचं नाही. याने करून दिला. पुढच्या संमेलनात ते याच्या शेजारून गेले, मान वळवली नाही. एवढी मोठी ओळख, आणि सांगायची चोरी.

माझे पाय भरून आले होते. तरी कोपऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे बोट दाखवून म्हटलं, चल, निदान नमस्कार तरी कर.

त्याने लांबूनच त्यांना हसताना पाहिलं.

"सगळे स्वतःचे आहेत," तो म्हणाला. "बोलता येईल."

आणि माझ्याआधी निघाला.