काशीच्या माशाच्या मिशा

वाशीगावच्या कोळीवाड्यात काशीचं घर शोधायला कुणाला पत्ता लागत नसे. "ती मासा पाळनारी?" एवढं म्हटलं की पोरंसोरं थेट दारात नेऊन सोडायची. कोळणीनं मासा पाळायचा, काय म्हणावं आता! मासा पकडावा, कापावा, सुकवावा, पाटीत घालून विकावा; त्याला रोज सकाळी "उठलास का रं?" म्हणून कुणी विचारतं होय? पण काशी विचारायची. लोक हसले तर हसोत बापडे, तिला फिकीर नव्हती.

ही गोष्ट अठ्ठावन्न ते बासष्ट सालातली. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. भरती धरून होडी निघाली की ट्रॉम्बे गाठायचं. आज जिथे कांद्याबटाट्यांच्या ट्रकांची रांग लागते, तिथे नुसता चिखल आणि मिठागरं. काशीचा नवरा धर्मा मालवाहू बोटीवर खलाशी होता. बोटीवरचा एक म्हातारा इंजिनेर आपल्या खोलीत काचेच्या पेटीत मासे ठेवायचा, आणि पाणी बदलायचं काम धर्माकडे असायचं. साहेब नोकरी सोडून गेला, तेव्हा ती पेटी आणि तिच्यातला एकुलता एक उरलेला मासा धर्माच्या गळ्यात पडला. होडीतून पेटी मांडीवर घेऊन त्यानं तो घरी आणला.

मासा कसला, अंगठ्याएवढा जीव! आपल्या शिंगाळ्याच्याच जातकुळीतला, पण गोड्या पाण्यातला आणि परदेशचा. अंगावर ठिपके, खवल्यांच्या जागी टणक पट्ट्या, आणि तोंडाखाली बारीक मिशा. दिवसभर तळाच्या वाळूत त्या मिशा खुपसून काहीतरी शोधत फिरायचा.

"मी येईस्तवर याला सांभाळ," धर्मा निघताना म्हणाला. आणखीही पुष्कळ सांगत होता, पाणी कसं हवं, वाळू कशी हवी. पण लग्नाला वर्षही झालं नव्हतं, काशीचे डोळे भरलेले. तिनं अर्धंच ऐकलं. धर्मा गेला तो गेलाच. एक करार संपला की दुसरी बोट. अशी चार वर्षं.

पत्रं जायची, यायची. काशीला ना लिहिता येत, ना वाचता. शाळेचे जयदेव मास्तर ओटीवर बसून पत्र लिहून द्यायचे, आणि शेजारी सासू, धोंडूबाई, कान टवकारून बसलेली. आता परक्या पुरुषासमोर, सासूच्या देखत, बाई सांगणार तरी काय? तुमच्यावाचून घर खायला उठतं? छे! मास्तरांनी पेन सरसावून "हं, काय लिहू?" म्हटलं की काशी मान खाली घालून सांगायची, "लिवा, मासा बरा हाय." मग थोड्या वेळानं, "लिवा, मासा वाट बघतो." मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे आणि लिहायचे. धोंडूबाई कपाळावर हात मारून घ्यायची, "अगो बाय, मानसांचं काय लिवशील का नाय?" पण काशी आपली माशावरच. मनात जे जे होतं ते तिनं त्या एवढ्याशा जिवाच्या नावावर धाडलं.

बासष्टच्या नारळी पुनवेला गाव नटलं, होड्या रंगल्या. काशीला वाटलं, आपल्या पाहुण्याचंही सणाचं काही करावं. खाडीकाठची शिंपल्यांची चुरी तिनं चार पाण्यांनी धुऊन आणली, पेटीतली जुनी वाळू काढून टाकली आणि ती पांढरीशुभ्र चुरी तळाला पसरली. कशी नवरीसारखी दिसली पेटी!

महिना गेला नाही तोच मासा मलूल झाला. मिशांची टोकं पांढुरकी पडली, मग झिजत झिजत नुसते खुंट राहिले. तोंडाभोवती लाल झालं. खायला टाकलं तरी ढुंकून बघेना. घडीघडीला वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि खाली जाऊन कडेला पडून राहायचा.

काशी हातातलं काम टाकून पेटीत डोकावू लागली. मासा गेला तर पत्रात लिहायचं काय? "मी वाट बघते" असं मास्तरांना सांगणं तिला या जन्मी जमलं नसतं. मासा गेला की तिची बोलतीच बंद.

"मीठ घाल पान्यात," धोंडूबाईनं निकाल दिला. कोळ्याच्या पायात काटा शिरो की कालवानं बोट कापो, खाडीच्या पाण्यात बुडवलं की काम झालं. हेच औषध त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं. काशीनं चांगलं मूठभर मीठ सोडलं. दुपार कलायच्या आत मासा गरगरायला लागला, उताणा व्हायला लागला. तिनं धावत जाऊन विहिरीचं पाणी टोपात ओतलं आणि त्याला ओंजळीनं त्यात टाकलं. "माजी अक्कल कुठं शेन खायला गेलेली!" ती स्वतःलाच बोलत सुटली. गोड्या पाण्याच्या जिवाला मीठ! खाऱ्या माशांतच जन्म गेलेला, सगळ्यांना मीठ मानवतं असंच धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावलं. "लिवा, बरं नाय. खात नाय, पडून असतो. आता कदी आटपेल, सांगता येत नाय."

"असंच लिहू?" मास्तर थबकले.

"असंच लिवा." आणि काशी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर रडली. धोंडूबाईनं त्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला नाही.

टोपात मात्र मासा जरा सावरला. तिसऱ्या दिवशी काशीनं पेटीत विहिरीचं ताजं पाणी भरून त्याला परत सोडलं आणि समोर बसून राहिली. मासा तळाला गेला, चुरीत तोंड घातलं आणि झटक्यात मागे सरला. पुन्हा घातलं, पुन्हा सरला. अख्खी दुपार ती बघत होती. मग तिनं पाण्यात हात घालून मूठभर चुरी काढली आणि तो घासतो तशी आपल्या वरच्या ओठावर घासली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रक्त आलं.

"अगो बाय! हा दिवसातून हजारदा यात तोंड घालतो, आनि मी रोग शोधते पान्यात!"

सगळी चुरी तिनं उकिरड्यावर फेकली. पंधरा दिवस तळ मोकळा ठेवला. रोज तांब्याभर जुनं पाणी बाहेर, रात्रभर ठेवून शिळवलेलं विहिरीचं पाणी तांब्याभर आत. उरलंसुरलं खाणं लगेच काढायचं. मग ओढ्याची बारीक वाळू जुन्या लुगड्यातून गाळून आणली, आणि पेटीत टाकण्याआधी प्रत्येक मूठ स्वतःच्या गालावर फिरवून बघितली. पिंपातल्या डासांच्या अळ्या टाकल्या तशी स्वारीनं तोंड उघडलं. दिवाळी सरली आणि खुंटांतून दोऱ्यासारख्या मिशा फुटल्या. ओठावरचा वण मात्र राहिला.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी काशी ओटीवर सुका जवळा निवडत होती. होडीवरून एक माणूस ट्रंक घेऊन धावत आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. धर्मा!

"तू बरी हायस?"

"मला काय धाड भरलीय?" काशीच्या तोंडून निघून गेलं. चार वर्षांनी नवऱ्याशी पहिला शब्द, आणि तो हा! तिला जीभ चावावीशी वाटली.

धर्मा पायरीवरच बसला. "कोलंबोला पत्र मिळालं. खात नाय, पडून असतो, कदी आटपेल सांगता येत नाय. करार तोडून कोचीनला उतरलो."

"अवो, ते माशाचं लिवलेलं."

"मासा काय चार वर्सं जगतो? साहेबाच्या हातचे वर्सात मरायचे. मी समजलो, तो कदीच गेला असंल. मास्तरसमोर दुसरं काय सांगनार, म्हनून तू माशाचं नाव घेतेस."

म्हणजे त्याला कळत होतं. पहिल्या पत्रापासून कळत होतं. आणि तरी चार वर्षं! काशीच्या छातीत एकदम कढ आला. रागाचा की सुखाचा, तिचं तिलाच कळेना. तिनं त्याचं मनगट धरलं आणि ओढतच आत नेलं.

पेटीत मासा नव्या मिशा वाळूत खुपसून फिरत होता. धर्मा वाकून बघतच राहिला.

"म्हंजे खरंच मासाच आजारी होता?"

"मासाच. आता बरा हाय."

धर्मानं मान वर केली. तिच्या ओठावरच्या वणाकडे बघितलं.

"आनि तू?"

चार वर्षांत हे असं थांबून कुणी विचारलं नव्हतं.

"मी नाय बरी अजून," काशी म्हणाली.