शिलाईतून सुटलेलं गाव

"आपल्या विशाल देशाच्या उत्तरेला बर्फाचे डोंगर आहेत, दक्षिणेला समुद्र, पूर्वेला जंगल आणि पश्चिमेला वाळवंट." सरकारी प्रवासी पुस्तिकेचं हे पहिलं वाक्य. मध्ये काय आहे ते पुस्तिका सांगत नसे. मध्ये शिलाई होती.

ती ज्या घालत, त्यांना छापखान्यात सगळे बाइंडरताई म्हणत. एकोणीस वर्षं त्या पायाने यंत्र दाबून शहाण्णव पानी पुस्तिकेच्या पाठीत दोन-दोन पिना मारत आल्या होत्या. ओघाने देश तोंडपाठ झाला होता: आगगाडी या टोकाहून त्या टोकाला चार दिवसांत जाते, स्वेटर आणि उन्हाची टोपी एकाच पिशवीत घ्यावी, पाणी उकळून प्यावं. स्वतः ताई माहेरापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या.

आणि माहेरच पुस्तिकेत नव्हतं. म्हणजे छापलेलं होतं. पण नकाशा पसरलेला तीस-एकतीस पानांवर, आणि गाव देशाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दोन पानांच्या बेचक्यात. पुस्तिका कितीही ताणा, ठिपका काही दिसायचा नाही. तिथे इंजिन बदलायला गाडी पाऊण तास थांबे, पण प्रवासी उतरत नसत. नकाशात नसलेल्या ठिकाणी शहाणा माणूस कशाला उतरेल? स्टेशनासमोर वडिलांनी बांधलेलं सहा खाटांचं विश्रामगृह ताईंचा धाकटा भाऊ चालवत होता. यंदा त्याचा फोन आला.

"ताई, एवढा हंगाम बघतो. कोणी फिरकलं नाही तर कुलूप लावून बंदरावर नोकरी धरतो."

"थांब जरा. यंदाची पुस्तिका अजून बांधायची आहे माझी."

"बांध बांध. एकोणीस वर्षं तूच तर गाव शिवून टाकते आहेस!"

हे मात्र ताईंना झोंबलं.

सपाट उघडणारं पान पुस्तिकेत एकच असतं, अगदी मधलं. कारण तो अखंड कागद असतो. त्यावर पर्यटन संचालकांच्या शुभेच्छा असत, दोन पानं व्यापणाऱ्या फोटोसह. नकाशा तिथे घ्या, असं ताईंनी सुचवलं तेव्हा छापखान्याचे मालक म्हणाले, "साहेबांना हलवायचं? त्यापेक्षा तुमचं गाव हलवा, सोपं जाईल."

नमुना प्रत पाहायला साहेब आले, तेव्हा ताईंनी मधलं पान उघडून समोर धरलं.

"साहेब, रागावणार नसाल तर सांगते. दरवर्षी मी तुमच्या कपाळात एक पिन मारते आणि पोटात एक. पन्नास हजार वेळा. जिवावर येतं हो माझ्या."

साहेबांचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"मग फोटो घ्यायचा कुठे?"

"पहिल्या पानावर. तिथे पिन येत नाही. इथे आपला नकाशा घालू. देशाला काय, सवय आहे."

मालकांना खोकल्याची मोठी उबळ आली. साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि सही केली.

नव्या पुस्तिकेत एक पिन बर्फात गेली, दुसरी समुद्रात. दोन्हींच्या मधोमध, कुणाचीही आडकाठी नसलेला, तो ठिपका. महिन्याभरात फोन आला.

"ताई, सहाही खाटा भरल्या! दोघं व्हरांड्यात झोपलेत. नकाशावर बोट ठेवून विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे?"

"मग काय सांगतोस?"

"देशाचा मध्य, म्हणतो. उभे राहतात, चारी दिशांना बघतात, काहीच दिसत नाही, आणि खूश होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला थांबतात."

"आणखी चार खाटा आण," ताई म्हणाल्या. पुस्तिका संपल्या होत्या, दुसऱ्या छपाईची थप्पी शेजारी उभी होती. त्या दुपारी त्यांच्या यंत्राचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.