गळणाऱ्या सफरचंदांची झाडं

निफाडच्या स्टँडवर अण्णा मला सोडायला आले ते थेट बागेतून. छाटणीचे दिवस. दुसऱ्याच्या द्राक्षबागेतलं काम अर्धं टाकून आलेले, बोटं काडी फुटावी म्हणून लावायच्या पेस्टने लालभडक. बस हलली तसे म्हणाले, "आठवीत शाळा सोडलीस ती सोडलीस. तिकडं तरी शिक काहीतरी." आई नुसती "जेवत जा" म्हणाली.

टोकियोत पहिली रात्र ओजिमाला, आमच्या गावच्या अभिजितदादाकडे. तो तोयोसुला मोठ्या आयटी कंपनीत. बागकामाच्या नोकरीचे माझे कागद त्यानेच भरले आणि मला आपल्या खोलीत झोपवून स्वतः सोफ्यावर पडला. दादा, हे वाचशील तर सांगतो, ते मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला नागानोच्या गाडीत बसवलं. अख्ख्या आशियात एवढ्या लांब एकटा निघालेला मी पहिलाच, अशा भीतीने बॅग मांडीवरून उतरवली नाही.

मालक मोरी-सान सत्तरीचे. सफरचंदाची बाग. पहिल्याच आठवड्यात भल्या पहाटे ते माझ्या खोलीशी ओरडत आले, "शिका! शिका!" मी दचकलो. यांना माझ्या शाळेचं कुणी सांगितलं, आणि तेही मराठीत? मी हात जोडून म्हणालो, "हो, शिकतो." ते कपाळाला हात लावून बागेकडे पळाले. संध्याकाळी फोनवर दादाची मुलगी हसून हसून बेजार. ती एरवी माझ्याशी जपानीच बोलते, पण त्या दिवशी मराठीत म्हणाली, "काका, शिका म्हणजे हरीण!" तोवर हरणांनी कोवळ्या फांद्या साफ केल्या होत्या.

मग करंटचं कुंपण आलं आणि हरणं यायची थांबली. आजूबाजूच्या बागाही एकेक बंद पडल्या, माणसं मुलांकडे शहरात गेली. मोरी-सानच्या बायकोचे गुडघे गेले. त्या दिवसभर खिडकीशी बसतात. एकदा म्हणाल्या, हरणं दिसायची तेव्हा बरं वाटायचं. एवढंच. गेल्या हिवाळ्यात मोरी-सान मला कुंपणाबाहेरच्या, जंगलाला लागून असलेल्या पडीक तुकड्यावर घेऊन गेले. "इथे हरणांसाठी सफरचंद लावू. संतोष-सान, तुम्ही सांगा, कुठलं?"

मी म्हणालो, फुजी. सगळ्यात गोड. पाहुण्याला चांगलंच द्यावं.

"हरणाकडे शिडी आहे का?" मोरी-सान हसले. फुजी फांदीला धरून राहतं. हरणाला लागतं ते पडलेलं फळ. म्हणून त्यांच्या मनात त्सुगारु होतं. ते लवकर पिकतं आणि आपसूक गळतं, बागवाले याच खोडीला वैतागतात. त्याच्यानंतर आंबट कोग्योकु. आणि बर्फ पडेपर्यंत टिकणारं एक बारकं रानसफरचंद. झाडं उंच वाढणारी हवीत, म्हणजे फांद्या वाचतील. मी मान डोलावली. आमच्या घरात फळगळ हा शब्द आजारपणासारखा उच्चारतात.

रविवारी अण्णांना सांगितलं. "गळणारं झाड मुद्दाम लावायचं? तुझा मालक ठीक आहे ना रे?" मग लगेच, "फळ कधी धरणार?"

"पाच-सहा वर्षं तरी."

फोनवर आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. "म्हणजे तू येत नाहीस तर," अण्णा म्हणाले.

माझा व्हिसा वाढवायचा की नाही, हे तेव्हा ठरलं नव्हतं. मोरी-साननी तसं काही विचारलंही नव्हतं. त्यांनी फक्त झाडं विचारली होती, आणि मी कुठलं लावायचं यात गुंतून गेलो होतो. अण्णांना जे कळलं ते मला त्यांच्या तोंडून कळलं. मग तेच म्हणाले, "रोपं लहान असताना हरीण सालच सोलून खाईल. बुंध्याला जाळी बांध. सैल बांध, खोड वाढतं."

बर्फ वितळल्यावर रोपं लावली. जाळी सैल बांधली. व्हिसाचे कागद दादाकडे पाठवले.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी निफाड आणि नागानो दोन्ही सांगतो. निफाडला छाटणीच्या दिवसांत मी असायला हवा, इथे फळ गळेल तेव्हा असायला हवा. दोन्हीकडे मला धरून चाललेत, याचंच बरं वाटतं आणि याचीच भीती. अण्णा आता "कधी येतोस" विचारत नाहीत. त्सुगारु त्यांच्या जिभेवर बसत नाही, पण फोन उचलला की पहिलं वाक्य असतं, "तुझा तो सुगरू फुटला का?"